रिकाम्या कुप्यांचा हिशेब

त्या दवाखान्यात त्याला सगळे कुलूपसाहेब म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. औषधांचं भांडार त्याच्या ताब्यात होतं आणि आल्या आल्या त्याने भांडाराच्या दाराला दोन कुलपं ठोकली होती. एकाची किल्ली त्याच्या गळ्यात, दुसऱ्याची ड्यूटीवरच्या कंपाउंडरच्या खिशात. दोघं एकत्र आल्याशिवाय कापसाचा बोळासुद्धा बाहेर निघायचा नाही. हा माणूस घरी बायकोला चहाची साखरही सही घेऊन देत असेल, असं नर्सेसच्या खोलीत बोलून हसायचे. त्याला बायकोच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

पण माणूस बावळट नव्हता हं. उलट, जरा जास्तच शहाणा होता. त्याच्याआधी भांडारावर दोन जण होऊन गेले. पहिला, चोरी झाली की आरडाओरडा करायचा, दुसरा सगळ्यांना रांगेत उभं करून देवाची शपथ घ्यायला लावायचा. चोराने शपथ घेतली, चहा प्यायला आणि पुन्हा चोरी केली. कुलूपसाहेबाला या दोघांचं हसू यायचं. तो म्हणायचा, चोर काही राक्षस नसतो आणि साधू तर नसतोच नसतो. चोर हा तुमच्या-आमच्यासारखा हिशेबी माणूस. त्याच्या डोक्यात तीन प्रश्न असतात: मिळणार काय, सापडण्याची शक्यता किती, सापडलो तर जाणार काय. हे गणित आपण फिरवलं की चोरी आपोआप बंद. मनं बदलायच्या भानगडीत पडायचं कारण नाही.

चोरी व्हायची ती तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात. ज्यांचं दुखणं बरं होणार नाही असं डॉक्टरांनी हात टेकून सांगितलेलं असतं, त्यांचा तो वॉर्ड. चौदा खाटा. त्यांना दुखणं थांबवायला मॉर्फिनची इंजेक्शनं देत. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, मान मोडायची, औषध सिरिंजमध्ये ओढायचं आणि द्यायचं. या कुप्यांना बाहेर गिऱ्हाईक होतं. दर महिन्याला वॉर्डाच्या कपाटातून तीन-चार कुप्यांना पाय फुटायचे. पेशंटांचं त्यात फारसं बिघडत नसे, कारण वॉर्डवाले आधीच चार जास्त मागवून ठेवत. बुडायचं ते भांडाराचं.

कुलूपसाहेबाने नियम केले. भरलेली कुपी हवी तर आधीची रिकामी परत करायची. रिकाम्या कुप्यांबरोबर कागद: कुठली खाट, किती वाजता, किती कुप्या, देणाऱ्याची सही आणि बघणाऱ्याची सही. एक जरी कुपी कमी भरली तरी सही करणाऱ्या दोघांचीही नोकरी गेली. रडगाणं ऐकलं जाणार नाही, पहिलीच चूक वगैरे चालणार नाही. आणि वॉर्डात गडबड आहे असा कुणाला संशय जरी आला तरी चौकशी संपेपर्यंत त्या वॉर्डाचं कपाट सील. हे शेवटचं कलम त्याचं फार लाडकं होतं. संशयालासुद्धा किंमत मोजावी लागली पाहिजे, म्हणजे सगळेच एकमेकांवर डोळा ठेवतील, असं त्याचं म्हणणं.

मग सगळ्या स्टाफला सभागृहात बसवून त्याने दोन तास हे समजावलं. फळ्यावर ते तीन प्रश्न लिहिले. मागच्या रांगेत मावश्या पेंगत होत्या. पहिल्या रांगेत तिसऱ्या मजल्यावरचा एक ब्रदर मात्र वहीत सगळं उतरवून घेत होता. गोड आवाजाचा, हलक्या हाताचा माणूस. पेशंट त्याच्यावर जीव टाकायचे, कारण तो येता-जाता उशी नीट करायचा, पाण्याचा ग्लास हाताशी ठेवायचा. साहेबाला बरं वाटलं. एक तरी विद्यार्थी मिळाला.

आणि चमत्कार बघा. चौदा महिने झाले, एक कुपी कमी भरली नाही. रोज चार वाजता वॉर्डाचे मामा पत्र्याचा डबा आणि कागद घेऊन यायचे, साहेब एकेक कुपी बोटांनी मोजायचा, कागदाशी जुळवायचा आणि खाली सही ठोकायचा. सही झाली की रात्रीच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या भरलेल्या कुप्या सुटायच्या. अधीक्षकांनी मीटिंगमध्ये त्याचं कौतुक केलं. त्याला फिरती खुर्ची मिळाली. कुणी नसलं की तो त्या खुर्चीवर एक गिरकी घ्यायचा, हे फक्त मामांना ठाऊक होतं.

पंधराव्या महिन्यात त्याची ताई तिसऱ्या मजल्यावर दाखल झाली.

ताई म्हणजे त्याची आईच म्हणा ना. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ताई सतरा. ती एका छापखान्यात पानं जुळवायला जायची; छापलेल्या पानांचे गठ्ठे ओळीने मांडलेले, त्यातून एकेक पान उचलत टेबलाभोवती फिरायचं, पुस्तक पुरं झालं की ठोकून सारखं करायचं आणि पुन्हा फिरायचं. तीस वर्षं ती त्या टेबलाभोवती फिरली आणि त्या फेऱ्यांवर हा शिकला. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, माझ्या पदरात आहे की एक पोरगा, आणखी कशाला. आता दुखणं तिच्या पाठीच्या कण्यात उतरलं होतं. जगण्याची आशा नव्हती आणि ते दोघांनाही कळलं होतं. तो त्यासाठी रडून घेऊन मोकळा झाला होता. त्याला आता एकच गोष्ट हवी होती: जाताना तिला दुखू नये. बाकी काही नको. सात नंबरच्या खाटेवर तिला टेकवताना तो म्हणाला की इथे तुला दुखू देणार नाही, इथलं औषध माझ्या हाताखालून जातं.

पहिले दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, सकाळचं इंजेक्शन लागतं, रात्रीचंही लागतं, दुपारचं मात्र लागत नाही. दोनला देतात आणि आठपर्यंत नुसता जाळ असतो.

साहेबाने हे हसण्यावारी नेलं. अगं, तिन्ही सारखीच असतात. दुपारची रिकामी कुपी मी स्वतः मोजलीय, सात नंबर, दोन वाजता, दोन सह्या. मग न लागायला काय झालं? ताईला वाटलं, शिकलेला आहे, याला कळत असेल.

पण तिचे हाल काही लपेनात. तो पाचला काम आटपून वर जायचा तेव्हा ती उशीचं टोक दातांत धरून पडलेली असायची. कपाळ ओलं, डोळे उघडे. त्याला बघितलं की उशी सोडून हसायचा प्रयत्न करायची, आणि तो प्रयत्न बघवत नसे. शेजारी आठ नंबरवर एक म्हातारी हेडमास्तरीण होती, सगळे तिला मोठ्या बाई म्हणायचे. त्याही दुपारभर कण्हायच्या. साहेबाला वाटायचं, वॉर्डच असा आहे. एक दिवस तर त्याचा तोल गेला. दिवसभराचा शिणलेला, डोकं तापलेलं, तो तिच्यावर खेकसला की जरा सोस ना ताई, इतकं औषध देतायत, आणखी काय करायचं लोकांनी. ताईने त्याची माफी मागितली. त्या माफीने त्याला घरी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना गाठलं आणि दुपारचं औषध वाढवून मागितलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून टाकलं: दुखणं थांबत नाही, दोनला एकाऐवजी दोन कुप्या. साहेब खाली गेला आणि स्वतःच्या हाताने जास्तीची कुपी मंजूर केली. दुखणं तसूभरही कमी झालं नाही.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या सिस्टरला रजा हवी होती, म्हणून तो गोड आवाजाचा ब्रदर, जो एरवी कायम दुपारी असायचा, आठ दिवस सकाळच्या पाळीला आला. त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी साहेब वर गेला तर ताई उशीला टेकून बसलेली. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा मोकळा होता. म्हणाली, "गंमत बघ छोट्या. आता दुपारचं लागतं आणि सकाळचं लागत नाही."

साहेबाने तिला नीट झोपवलं, पांघरूण घातलं आणि खाली आला. कपाटातून चौदा महिन्यांचे कागद काढले आणि जमिनीवर पसरून बसला. हे कागद त्याने रोज बघितले होते, पण एकाच नजरेने: संख्या जुळते की नाही. आता त्याने दुसरं काही बघितलं. 'दुखणं थांबत नाही, औषध वाढवलं' असं कुठे कुठे लिहिलंय ते शोधलं. दोन-चार ठिकाणं सोडली तर सगळीकडे दुपारची पाळी. सगळीकडे देणाऱ्याची एकच सही. माणसं बदलली होती, खाटा रिकाम्या होऊन पुन्हा भरल्या होत्या, सही तीच.

कसं केलं असेल, हे कळायला वेळ लागला नाही. कुपी मोडायची, औषध ओढून बाटलीत साठवायचं, पेशंटला सलाईनचं पाणी टोचायचं आणि रिकामी कुपी इमानदारीने डब्यात टाकायची. भांडाराला काय हवं होतं? रिकामी कुपी. मिळाली. सापडायची भीती जिथे बसवली होती, तिथून चोर उठला आणि जिथे कुणीच मोजत नव्हतं तिथे जाऊन बसला. मोजत नव्हते ते पेशंटचं दुखणं. पूर्वी बुडायचं ते भांडार, आता माणसं बुडत होती. आणि ही सोय साहेबाने स्वतः करून दिली होती. तो जमिनीवर बसल्या बसल्या स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागला. एकदा, दोनदा, हात दुखेपर्यंत.

सकाळी त्याने ब्रदरला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावून दार लावलं. रात्रभर त्याने काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. पोलीस, तुरुंग, नोकरी, सगळं. ब्रदरने ते शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एकदा सांडलेला कापूस उचलून ठेवला. नाही म्हणाला नाही. उलट खुर्ची पुढे केली.

"बसा साहेब. पुरावा काय देणार? कुप्या जुळतात, सह्या जुळतात. सगळ्यात खाली तुमचीच सही आहे."

साहेब म्हणाला की बघणाऱ्या सिस्टरला विचारू. ब्रदर म्हणाला, विचारा की. ती बिचारी पाळी सुरू होताना पूर्ण कागदावर एकदम सह्या करून मोकळी होते. चौदा खाटांना दोन माणसं, उभं राहून बघत बसायला वेळ कुणाला आहे. तिला गेले सहा महिने संशय आहे. पण बोलली तर तिचीही नोकरी जाते, तुमचाच नियम. घरी तीन तोंडं आहेत, ती कशाला ब्र काढेल.

"आणि संशय आला म्हणून तुम्ही आज लिहून दिलंत," तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "तर आजच कपाट सील. सकाळचं बंद, रात्रीचं बंद, चौदाही खाटांचं बंद. चौकशीला तीन आठवडे तरी जातील. ताईंकडे तीन आठवडे आहेत का साहेब?"

एवढं शांतपणे कुणी बोलू शकतं याचीच साहेबाला भीती वाटली. शिव्या दिल्या असत्या, पाय धरले असते, तर काही सुचलं तरी असतं. पण हा तर त्याच्याच भाषेत बोलत होता: काय मिळेल, काय जाईल, शक्यता किती. फळ्यावरून उतरवून घेतलेलं.

"ताईंना यापुढे माझ्या पाळीत खरं मिळेल. दोन्ही कुप्या. माझा शब्द. बाकीचं तुम्ही बघू नका."

साहेब हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. दार उघडून निघून गेला. आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

ब्रदरने शब्द पाळला, मेल्याने. आठ दिवस संपले, तो पुन्हा दुपारी आला, आणि ताईची दुपार शांत झाली. साहेब पाचला वर जायचा तेव्हा ती जागी असायची, बोलायची. छापखान्यातल्या मालकाची नक्कल करायची. एकदा एका पुस्तकात दुसऱ्याच पुस्तकाची सोळा पानं गेली आणि विकत घेणाऱ्या एकानेही तक्रार केली नाही, हे सांगून इतकी हसली की ठसका लागला. साहेबही हसला. त्याला वाटलं, झालं ते झालं. ही जाईपर्यंत गप्प बसायचं, आणि ही गेली की त्याच दिवशी सगळं लिहून द्यायचं. कपाट सील झालं तर होऊ दे. तो हे स्वतःला इतक्या वेळा सांगायचा की त्याला ते खरं वाटू लागलं होतं.

तो बोलत असायचा तेव्हा पलीकडे मोठ्या बाई टॉवेल तोंडात कोंबून पडलेल्या असायच्या. तो खुर्ची अशी ठेवायचा की त्यांच्याकडे पाठ यावी.

चौथ्या दिवशी ताई हसली नाही. तिने विचारलं की बाईंना दुपारी काहीच कसं लागत नाही. त्याने सांगितलं, प्रत्येकाचं दुखणं वेगळं. ती म्हणाली, सकाळी लागतं की. सकाळी आम्ही दोघी गप्पा मारतो. त्याने सांगितलं, डॉक्टरांशी बोलतो. ती म्हणाली, माझंही दुपारचं लागत नव्हतं आणि एकदम लागायला लागलं, ते का? त्याने खिडकीकडे बघितलं. लहानपणी पेन्सिल चोरून आणली की तो असाच खिडकीकडे बघायचा, आणि ताई त्याला तेव्हापासून ओळखत होती. तिने त्याचा हात सोडला आणि आपला पांघरुणात घेतला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ब्रदर ट्रे घेऊन आला तेव्हा तिने हात दिला नाही. नको म्हणाली. ब्रदरने दोनदा विचारलं, मग खांदे उडवून पुढच्या खाटेकडे गेला. हे साहेबाला मामांनी खाली येऊन सांगितलं. तो धावतच वर गेला.

तिला जाळ सुरू झाला होता. तो खाटेशी गुडघे टेकून बसला, आवाज दाबून तिला सगळं सांगितलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. कपाट, सील, तीन आठवडे, सगळं. आणि म्हणाला, "ताई, तू घेतलं नाहीस म्हणून ते काही बाईंना मिळणार नाही. तो तुझंही बाटलीत भरतो. उगाच कशाला सोसतेस?"

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. दोन शब्दांत तिला दम लागत होता. "पण माझं दुखणं थांबतं ते तुझ्या गप्प बसण्यावर. तसलं नको मला. मी तुला तशासाठी वाढवलं नाही."

त्याने विनवलं, पाया पडला, शेवटी रागावला. ती भिंतीकडे वळून झोपली.

आता त्याने काय करायला हवं होतं, हे लहान पोरही सांगेल. पण त्याला लोकांच्या मनातलं गणित येत होतं ना! त्याने ठरवलं, ही एक दिवस काढेल, फार तर दोन. दुखणं दुखणं असतं. त्याच्यापुढे कुणाचाही हट्ट टिकत नाही. ती उद्या स्वतः हात पुढे करेल. तेवढ्यासाठी आज चौदा माणसांचं सकाळ-रात्रीचं औषध बंद पाडायचं? मोठ्या बाईंचंही? बघा, एकदम त्याला मोठ्या बाईंची काळजी वाटायला लागली. तक्रारीचा कागद त्याने टेबलावर काढून ठेवला, तारीखही घातली, आणि वाट बघत बसला.

ताईने हात पुढे केला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. दुपारी दोन ते आठ ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि तिच्या खाटेचा लोखंडी दांडा बारीक वाजत राहायचा. तो वर गेला की त्याच्याशी बोलायची, पण जेवलास का, एवढंच. चौथ्या दिवशीही नाही. तो रोज तारीख खोडून नवी घालत होता. असं माणूस त्याच्या गणितात कुठे बसतच नव्हतं. मिळत काही नाही, जातंय सगळं, आणि तरी हलत नाही. त्याला तिचा अभिमान वाटला असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. त्याला तिचा राग येत होता. इतकी वर्षं सगळ्यांना ओळखतो म्हणून फिरलो आणि घरचंच माणूस ओळखता आलं नाही, म्हणून आणखी राग.

सहाव्या दिवशी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी ताई गेली. त्याला कळून तो पोचेपर्यंत तोंडावर चादर ओढली होती. त्याने चादर काढली. तिच्या खालच्या ओठावर दातांची खूण होती, रक्त वाळलेलं. मोठ्या बाई पलंगावर उठून बसल्या होत्या आणि रडत होत्या. त्या म्हणाल्या की तुमच्या बहिणीने काल मला विचारलं, तुमच्या हाताखालून इतकी पोरं गेली, त्यात बिघडलेली किती निघाली. पुढे काय बोलणं झालं ते त्याने ऐकून घेतलं नाही.

कागदपत्रं होईपर्यंत तिला नेता येणार नव्हतं. कुठे बसावं कळेना म्हणून तो खाली आपल्या खोलीत येऊन बसला. चार वाजता दार वाजलं. मामा डबा आणि कागद घेऊन उभे होते. अवघडून म्हणाले की आजच्या दिवस दुसऱ्या कुणाकडे देतो. त्याने मान हलवली आणि डबा ओढून घेतला. हात आपोआप चालू लागले. एक, दोन, तीन. कुप्या बरोबर होत्या. कागद बघितला. कागदही बरोबर होता.

खाट सात. वेळ दुपारी दोन. कुप्या दोन. इंजेक्शन दिले. ब्रदरची सही, सिस्टरची सही.

त्याने पुन्हा वाचलं. एक वीसला मेलेल्या बाईला दोन वाजता इंजेक्शन दिलं होतं. पाळी एकला सुरू होते, तेव्हाच सगळा कागद भरून, सह्या करून, कुप्या मोडून ठेवलेल्या. मग धावपळीत तेवढी ओळ खोडायची राहून गेली. इतक्या महिन्यांत जो पुरावा कुणालाही मिळाला नव्हता तो समोर पडला होता. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ होती, कागदावर वेळ होती. चौकशीला तीन आठवडे कशाला, तीन मिनिटं लागली नसती. ताईने जाता जाता तेवढंही करून ठेवलं होतं, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

त्याने तक्रारीचा कागद पुढे ओढला. पेन उघडलं. आणि मग, देव जाणे कुठून, ते तीन प्रश्न डोक्यात सुरू झाले. मिळणार काय? ताई तर गेली. जाणार काय? ब्रदर पकडला गेला की पहिली गोष्ट हीच सांगणार, की साहेबांना सगळं ठाऊक होतं, साहेबांनीच बहिणीपुरतं ठरवून घेतलं होतं. मग नोकरी, पेन्शन, अब्रू. त्या दिवसांतल्या रोजच्या कागदावर त्याची सही होती, सगळं ठाऊक असताना केलेली. आणि गप्प बसलो तर सापडण्याची शक्यता किती? त्याने कागदाकडे बघितलं. हा कागद वाचणारा या इमारतीत त्याच्याशिवाय कुणीही नव्हता.

मामा दाराशी उभे होते. म्हणाले, "साहेब, घाई नाही. पण सहीशिवाय वर रात्रीच्या कुप्या सुटणार नाहीत. मोठ्या बाई विचारतायत."

त्याने रबर शोधलं नाही, ओळ खोडली नाही, काही नाही. कागदाच्या तळाशी रोजच्या जागी सही केली, तारीख घातली आणि डबा परत दिला. गळ्यातली किल्ली काढून मामांबरोबर भांडारात जायला उठला, पण पुन्हा खुर्चीत बसून हमसाहमशी रडायला लागला. मामांनी डबा खाली ठेवला, जवळ येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, साहेब बहिणीसाठी रडतायत.